कोर्टाची पायरी चढायलाच हवी

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींत एक सल्ला फार आत्मविश्वासानं दिला जातो. कुणाचं तरी घराचं कर्ज ऐनवेळी नाकारलं जातं. कारण विचारलं तर बँक म्हणते, तुमचा क्रेडिट रिपोर्ट पाहा. त्या रिपोर्टवर कोर्टाचा एक हुकूमनामा निघतो आणि त्याची त्या माणसाला आजवर गंधवार्ताही नसते. काउंटी कोर्ट जजमेंट, इथल्या रोजच्या बोलण्यात सीसीजे. रक्कम कधी दोन-अडीचशे पौंड, कधी दोन-अडीच हजार. तारीख वर्ष-दीड वर्षापूर्वीची, पत्ता जुन्या घराचा. माणूस घाबरतो, ओळखीतल्या कुणा जुन्याजाणत्याला फोन करतो, आणि पलीकडून उत्तर येतं: "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. भरून टाक आणि सहा वर्षं कळ काढ, आपोआप पुसलं जाईल." सोबत आणखी एक वाक्य असतं, कधी उघड बोललेलं, कधी मनात ठेवलेलं: "काहीच केलं नसतंस तर कोर्टानं उगाच निकाल दिला असता का?"

हा सल्ला चुकीचा आहे. त्याच्या पोटातली समजूत तर त्याहून घातक आहे. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यातले बरेच जण माझ्या आदराचे आहेत, आणि परक्या मुलखात नव्यानं आलेल्यांना त्यांनी घरात ठेवून घेतलेलं आहे. पण या एका बाबतीत त्यांच्या शब्दाला मान दिल्यानं माणसांची सहा-सहा वर्षं वाया जातात, आणि ती वाया जाण्याचं काहीही कारण नसतं.

आधी त्या शेवटच्या वाक्याकडे वळू. कोर्टानं निकाल दिला म्हणजे कोर्टानं काहीतरी पाहिलं असणार, कुणाचं तरी ऐकलं असणार, हे आपण धरूनच चालतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ठरावीक रकमेच्या वसुलीच्या दाव्याचं प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. असे दावे फार मोठ्या संख्येनं नॉर्दम्प्टनच्या केंद्रातून चालतात. सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटर हे त्या केंद्राचं आजचं नाव. थकबाकी वसूल करणाऱ्या कंपन्या, दुसऱ्यांची बुडीत कर्जं विकत घेणारे, खाजगी पार्किंगवाले असे मोठे वादी तिथं संगणकावरून गठ्ठ्यानं दावे दाखल करतात. केंद्र दाव्याचे कागद टपालात टाकतं. ऑनलाइन दावा असेल तर दाखल झाल्यापासून पाचव्या दिवशी तो तुम्हाला मिळाला असं कायदा गृहीत धरतो. तिथून 14 दिवसांत तुम्ही उत्तर द्यायचं. नुसती पोच कळवली तर कैफियत देण्यासाठी एकूण 28 दिवस मिळतात. मुदतीत काहीच आलं नाही तर वादी निकालाची मागणी नोंदवतो आणि निकाल लागतो. करार कुणी वाचत नाही. हिशेब कुणी तपासत नाही. न्यायाधीशाच्या टेबलावर ती फाइल जातच नाही, कारण ठरावीक रकमेच्या दाव्यात हे काम कारकुनी मानलं जातं. काउंटी कोर्टातले बहुसंख्य निकाल याच रीतीनं लागतात.

म्हणजे त्या निकालानं सिद्ध काय होतं? एका पत्त्यावर एक पाकीट पाठवलं आणि ठरलेल्या दिवसांत त्याला उत्तर आलं नाही, एवढंच. पैसे देणं होतं की नव्हतं याबद्दल त्यात एक अक्षर नाही. अशा कागदावरून माणसाच्या सचोटीचं मोजमाप करणं मला मान्य नाही.

निकाल लागला की तो नोंदवहीत चढतो. ही नोंदवही 1852 पासूनची आहे, आणि 1985 पासून रजिस्ट्री ट्रस्ट नावाची ना-नफा कंपनी ती सांभाळते. ती सर्वांना खुली आहे. थोडी फी भरून कुणीही कुणाच्याही नावानं शोध घेऊ शकतो. एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट संस्था तिथून नोंदी उचलतात. मग घरकर्ज अडतं, भाड्याचं घर देताना एजंट मान हलवतो, मोबाइलचं साधं कंत्राटही मिळत नाही, आणि वित्त क्षेत्रात नोकरी असेल तर तिथल्या पडताळणीत प्रश्न निघतो. नोंद सहा वर्षं राहते. त्या नोंदीत कोर्टाचं नाव असतं, रक्कम असते, तारीख असते, केस नंबर असतो. दावा कुणी लावला ते मात्र नसतं. कुणाचं देणं म्हणून आपलं नाव त्या वहीत गेलं हे शोधायला त्याच माणसाला केस नंबर घेऊन कोर्टाला फोन करावा लागतो.

या वहीच्या 2005 च्या नियमांत एक तरतूद आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. दाव्यात प्रतिवादी हजर राहिला, लढला आणि सुनावणीनंतर हरला, तर त्याच्याविरुद्धचा निकाल लगेच वहीत चढत नाही. हप्त्यांचा हुकूम झाला किंवा वादीनं वसुलीची कारवाई सुरू केली तरच चढतो. ज्याला दाव्याचा पत्ताच नव्हता त्याचं नाव मात्र सरळ चढतं. न्यायाधीशासमोर पुरावा होऊन ज्याचं देणं शाबीत झालं त्याला सवड, आणि ज्याचं कुणी काही ऐकलंच नाही त्याला डाग. "काही केलं नसतंस तर निकाल कशाला लागला असता" असं म्हणणाऱ्यांनी हा नियम एकदा शांतपणे वाचावा.

यावर पुढचा आक्षेप ठरलेला असतो: पत्ता बदलला की कळवणं ही आपली जबाबदारी नाही का? आहे. ती मी नाकारत नाही. पण ज्या माणसांबद्दल आपण बोलतो आहोत त्यांचं आयुष्य कसं असतं ते बघू. कंपनीच्या कामावर आलेलं तरुण जोडपं आधी हाउन्स्लोत एका खोलीत राहतं, मग स्लाऊला वन-बेडचा फ्लॅट घेतं, प्रोजेक्ट बदलला की स्विंडनला जातं, मुलाच्या शाळेसाठी पुन्हा रेडिंगला येतं. शिकायला आलेली मुलं तर दर वर्षी घर बदलतात. जुन्या बंगल्याचे चार फ्लॅट पाडलेले असतात, चौघांचं टपाल खालच्या सामाईक बोळात एकाच फळीवर पडतं, आणि दोन महिन्यांनी कुणीतरी ते गोळा करून फेकून देतं. बँक, कंपनी, डॉक्टर, मुलांची शाळा, सगळीकडे नवा पत्ता कळवलेला असतो. ड्रायव्हिंग लायसन्सवरही बदललेला असतो. राहून जातं ते गाडीचं लॉगबुक, कारण लायसन्सवर पत्ता बदलला की लॉगबुकावरही आपोआप बदलतो असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. तो वेगळा कळवावा लागतो, आणि न कळवल्यास 1,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि पार्किंगवाल्या कंपन्या डीव्हीएलए या वाहन-नोंदणी खात्याकडून गाडीच्या मालकाचा पत्ता घेतात तो नेमका लॉगबुकावरचा. सुपरमार्केटच्या आवारात गाडी वीस मिनिटं जास्त उभी राहिली. कॅमेऱ्यानं नंबर टिपला. नोटीस जुन्या घरी, स्मरणपत्र जुन्या घरी, वसुली कंपनीचं पत्र जुन्या घरी, दाव्याचे कागद जुन्या घरी, निकालही जुन्या घरी. शंभर पौंडांचा आकार खर्चासकट दोनशेच्या वर गेला. ही शिक्षा चुकीच्या प्रमाणात बसते का, एवढंच मी विचारतो. लॉगबुक न बदलल्याचा दंड कायद्यात लिहिलेला आहे, तो जरूर घ्या. घर न मिळण्याची सहा वर्षं त्यात कुठंही लिहिलेली नाहीत.

शिवाय जबाबदारी एकट्या प्रतिवादीची आहे हेही खरं नाही. दिवाणी कार्यपद्धतीच्या नियमांत, सहाव्या भागातल्या नवव्या नियमात, वादीवरही बंधन घातलेलं आहे. व्यक्तीवर दावा लावताना कागद तिच्या नेहमीच्या किंवा शेवटच्या ठाऊक असलेल्या राहत्या पत्त्यावर पाठवता येतात. पण ती तिथं राहत नाही असं मानायला वादीला कारण असेल, तर सध्याचा पत्ता शोधण्यासाठी त्यानं वाजवी खटपट केली पाहिजे. पाकिटं 'इथं राहत नाही' असा शेरा घेऊन परत येत असतील, किंवा त्याच वादीशी तुम्ही नव्या पत्त्यावरून ईमेलनं बोलला असाल, तर त्याला कारण होतंच. कर्जाच्या दाव्यांसाठी 1 ऑक्टोबर 2017 पासून वेगळी पूर्वतयारीची पद्धतही लागू आहे: व्यावसायिक वादीनं दाव्याआधी तपशीलवार पत्र पाठवायचं आणि उत्तरासाठी 30 दिवस द्यायचे. हे नियम पाळले गेले की नाही हे निकाल देताना कुणी विचारत नाही. ते विचारलं जातं फक्त तुम्ही अर्ज केलात तर.

म्हणूनच त्या म्हणीला माझा इतका कडक विरोध आहे. 2004 साली इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलपुढे अक्रम विरुद्ध अ‍ॅडम हे प्रकरण आलं. नियमाप्रमाणे पत्त्यावर पाठवलेले दाव्याचे कागद प्रतिवादीच्या हाती प्रत्यक्ष पडलेच नाहीत, तर ती बजावणी वैध की अवैध, असा प्रश्न होता. कोर्टानं ती वैध ठरवली. यात अन्याय होत नाही का, यावर कोर्टाचं म्हणणं असं की निकाल रद्द करून मागण्याचा मार्ग प्रतिवादीला मोकळा आहे, म्हणून व्यवस्था न्याय्य राहते. हा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही, पण त्याचा अर्थ स्पष्ट आहे. टपालात टाकलेल्या कागदावर एकतर्फी निकाल देण्याचं समर्थन इथलं न्यायालय करतं ते तुम्ही पायरी चढाल या भरवशावर. तुम्ही चढलाच नाहीत तर तुमची बाजू ऐकण्याची एकमेव जागा तुम्ही स्वतः सोडून दिलीत.

या म्हणीला आपल्या मुलखात कारण होतं, हे मी जाणतो. एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनच्या कुणब्यासाठी दिवाणी कोर्ट म्हणजे सावकाराचं हत्यार होतं. कोर्ट दूर, भाषा परकी, समन्स कधी मिळालं कधी नाही, आणि हजर न राहिलेल्याविरुद्ध खतावर लिहिलेल्या आकड्याचा एकतर्फी हुकूमनामा. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा उसळला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख होता खतं आणि हुकूमनामे यांच्यावर. ते कागद मागून घेऊन त्यांनी जाळले. सरकारनं चौकशी आयोग नेमला, आणि त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्या कायद्यानं न्यायाधीशावर काम टाकलं: शेतकरी प्रतिवादीला बोलावून त्याची साक्ष घ्या, ती घेतली नाही तर कारण लिहून ठेवा, आणि खतावरचा आकडा तसाच न उचलता व्यवहाराच्या मुळापर्यंत जा. त्या कायद्यातूनही सावकारांनी पळवाटा काढल्या. पण तत्त्व मोलाचं होतं. कर्जदार समोर नाही एवढ्यावरून कागद खरा मानू नये, हे ब्रिटिश राजवटीनं सुपे-इंदापूरच्या शेतकऱ्यासाठी जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी मान्य केलं. तेच संरक्षण आज त्यांच्या स्वतःच्या काउंटी कोर्टात स्लाऊच्या भाडेकरूला नाही.

त्या कुणब्यांनी पायरी टाळली ती असहाय होते म्हणून. आपल्या हातात भाषा आहे, कागद वाचायची अक्कल आहे, फुकट सल्ला देणाऱ्या संस्था आहेत. त्यांची असहायता आपण शहाणपण म्हणून जपायचं काही कारण नाही.

आता 'भरून टाक' या सल्ल्याकडे. तो कधीकधी अगदी बरोबर असतो, आणि कधी ते नीट सांगितलं पाहिजे. निकालाच्या तारखेपासून एका महिन्याच्या आत पूर्ण रक्कम भरली तर नोंद वहीतून काढून टाकली जाते, जणू ती कधी झालीच नाही. देणं खरं असेल आणि महिना अजून संपला नसेल, तर एक दिवसही न दवडता भरावं आणि भरल्याचा पुरावा कोर्टाकडे पाठवावा. पण अचानक कळणाऱ्या निकालात तो महिना बहुधा केव्हाच उलटलेला असतो. त्यानंतर भरलं तर नोंद जात नाही; तिच्यापुढे फक्त 'भागवलं' असा शेरा येतो. बऱ्याच बँका तेवढ्यावर समाधान मानत नाहीत. म्हणजे जे देणं कदाचित तुमचं नव्हतंच ते तुम्ही भरता, डाग तसाच राहतो, आणि पुढे निकाल रद्द करायला गेलात तर वादी विचारतो, देणं मान्य नव्हतं तर भरलं कशाला? घाबरून घाईत भरलेला पैसा अनेकांना असा दोन्हीकडून महाग पडतो.

भरण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: हे देणं माझं आहे का, आणि इतकंच आहे का? उत्तर शोधायला दावा समोर हवा. केस नंबर सांगितला की कोर्ट वादीचं नाव सांगतं. त्याच्याकडून किंवा कोर्टाकडून दाव्याची प्रत मागवावी. मी अशी पाकिटं वाचायला बसतो तेव्हा वरचेवर त्याच गोष्टी सापडतात. घर सोडताना चुकतं केलेलं विजेचं बिल पुढच्या भाडेकरूच्या वापरासकट मागितलेलं असतं. बंद केलेल्या ब्रॉडबँडचे हप्ते चालू धरलेले असतात. गाडी विकल्यानंतरचं पार्किंग जुन्या मालकाच्या नावावर असतं. एस. पाटील म्हणून भलताच पाटील धरलेला असतो. आपल्याकडे आडनावं तीच आणि आद्याक्षरंही तीच, त्यामुळे ही चूक दिसते त्याहून सोपी आहे. कधी देणं खरं असतं पण सहा वर्षांपेक्षा जुनं, म्हणजे 1980 च्या मुदत कायद्यानं साध्या करारासाठी ठेवलेली मर्यादा ओलांडलेलं.

यातलं काही असेल तर अर्ज करायचा. फॉर्मचं नाव एन 244. त्याच्याबरोबर आपलं लेखी निवेदन आणि पुरावे: त्या तारखेला आपण कुठं राहत होतो हे दाखवणारा भाडेकरार, कौन्सिल टॅक्सचं बिल, बँकेचं स्टेटमेंट, आणि देण्याबद्दलची आपली हरकत. नियमांचा तेरावा भाग दोन वाटा देतो. निकाल मुळातच नियमाबाहेर लागला असेल, उदाहरणार्थ बजावणीच वैध झाली नव्हती, मुदत संपायच्या आत निकाल नोंदवला, किंवा आधीच पूर्ण पैसे भरले होते, तर कोर्टाला तो रद्द करावाच लागतो. बाकी प्रकरणांत दाव्याविरुद्ध यश मिळण्याची खरीखुरी शक्यता दाखवावी लागते किंवा दुसरं सबळ कारण द्यावं लागतं, आणि मग न्यायाधीश ठरवतो. 'पत्र मिळालं नाही' एवढंच सांगून अर्ज मंजूर होईल अशी अनेकांची कल्पना असते. जुना पत्ता कायद्यानं योग्य ठरत असेल तर तेवढं पुरत नाही. हरकतही मांडावी लागते. दावा व्यक्तीवर असेल तर प्रकरण तिच्या राहत्या भागातल्या कोर्टाकडे वर्ग होतं, त्यामुळे नॉर्दम्प्टनला खेटे घालावे लागत नाहीत.

आणि वेळ. अर्ज तत्परतेनं केला का, हे न्यायाधीश पाहतो, असं नियमातच लिहिलं आहे. 2023 साली एफएक्सएफ विरुद्ध इंग्लिश कराटे फेडरेशन या प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलनं मुदती चुकवणाऱ्यांसाठीची कडक कसोटी अशा अर्जांनाही लावली. किती दिवस म्हणजे तत्पर, याचा आकडा नियमात नाही, पण कळल्यावर आठवड्याभरात हालचाल केलेल्याला आणि सहा महिने गप्प बसलेल्याला एकच वागणूक मिळत नाही. 'कळ काढ' या सल्ल्याचा खरा घात इथं होतो. तो ऐकून माणूस बसून राहतो, आणि वर्षभरानं घर घ्यायची गरज पडली म्हणून जागा झाला तर ज्या अर्जात त्याचा विजय होता तोच अर्ज उशिरामुळे फेटाळला जातो.

खर्चाचं कारण पुढे केलं जातं. अर्जाची फी तीनशे पौंडांहून जास्त आहे आणि दोनशे पौंडांच्या निकालासाठी ती भरणं जिवावर येतं, हे मी मान्य करतो. फी इतकी ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. पण उत्पन्न कमी असलेल्यांना फीमाफीसाठी अर्ज करता येतो. वादीनं रद्द करायला संमती दिली तर फी बरीच कमी पडते, म्हणून आधी त्याला पुराव्यासकट पत्र लिहावं. चूक वादीची ठरली तर फी त्याच्याकडून मागता येते. शिवाय तुलना दोनशे पौंडांशी करायची नसते. घरकर्जाचा दर वाढला किंवा कर्जच नाकारलं गेलं तर होणारं नुकसान त्याच्या कितीतरी पट असतं. नॅशनल डेटलाइन, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, स्टेपचेंज इथं विनामूल्य सल्ला मिळतो. पैसे घेऊन क्रेडिट रिपोर्ट साफ करून देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नये. कायद्यात जे आहे ते तुम्ही स्वतः करू शकता आणि जे कायद्यात नाही ते त्यांनाही जमत नाही.

देणं खरंच असेल आणि हरकत काहीच नसेल, तर अर्ज करू नये. पैसे भरावेत, शेरा बदलून घ्यावा, आणि 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्यानं दिलेला हक्क वापरून आपल्या क्रेडिट रिपोर्टवर 200 शब्दांपर्यंतचं स्पष्टीकरण नोंदवावं. पत्ता कसा चुकला, कळताच पैसे कसे भरले, हे त्यात लिहिता येतं. मी पायरी चढा म्हणतो ते देणं बुडवण्यासाठी नव्हे.

याच ओघात भारतात परतणाऱ्यांना दिला जाणारा सल्लाही खोडला पाहिजे: "विमानात बसलास की संपलं, मागं कोण येतंय?" आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 13 सांगतं की परदेशी निकाल गुणदोषांवर दिलेला नसेल तर तो भारतात निर्णायक मानला जात नाही. 2001 साली इंटरनॅशनल वुलन मिल्स विरुद्ध स्टँडर्ड वुल या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं इंग्लंडमधल्या एका एकतर्फी निकालाबद्दल तेच म्हटलं: पुरावा तपासून, बाजू ऐकून दिलेला नाही, म्हणून इथं त्याची अंमलबजावणी नाही. या निर्णयाचा आधार घेऊन देणी टाकून पळणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही. त्यातली माणसं परत येतात, बायकोची किंवा मुलाची नोकरी पुन्हा लंडनला लागते, आणि सहा वर्षांच्या आत आली तर वही त्यांची वाट पाहत असते. मला त्या निर्णयातलं तत्त्व महत्त्वाचं वाटतं. ज्या निकालात गुणदोष पाहिलेले नाहीत त्याला दिल्लीचं न्यायालय सत्य मानत नाही, आणि आपण मात्र आपल्याच माणसाकडे त्या कागदावरून संशयानं पाहतो.

त्या संशयानंच सगळ्यात जास्त नुकसान होतं. कोर्टाचा निकाल म्हणजे घराण्याला बट्टा, असं मानून मुलं आईवडिलांना सांगत नाहीत, नवरा बायकोला सांगत नाही. संयुक्त खातं असेल तर दोघांचे रिपोर्ट एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे लपवलेली गोष्ट तिच्या अर्जाच्या वेळी बाहेर येते. बाहेर येईतो अर्जाची वेळ गेलेली असते. मंडळाच्या गणेशोत्सवात आपण जेवणाची आणि भाषणांची सोय करतो तशी एका टेबलावर दोन जाणकार माणसं बसवून कागद वाचून द्यायची सोय केली, तर वर्षाकाठी काही घरं तरी वाचतील. वकील लागत नाही. लॉगबुक, लायसन्स आणि मतदार यादीतला पत्ता जुळतो का हे विचारणारा माणूस लागतो.

मतदार यादीचा उल्लेख मुद्दाम केला. इथं राहणाऱ्या भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, आणि तरीही आपल्यातले कितीतरी जण यादीत नाव घालत नाहीत. क्रेडिट संस्था पत्ता ताडून पाहायला तीच यादी वापरतात, म्हणून नाव घालणं स्वतःच्या फायद्याचं आहेच. पण यादीत नाव असलेल्या माणसाच्या पत्राला मतदारसंघाच्या खासदाराला उत्तर द्यावंसं वाटतं, हाही त्याचा उपयोग आहे. खासदाराकडे करायची मागणी साधी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही. 2005 च्या नियमांत लढून हरलेल्याला जी सवड दिली आहे ती न ऐकलेल्यालाही द्यावी: एकतर्फी निकाल वसुली सुरू होईपर्यंत वहीत चढवू नये. आणि निकाल मागताना वादीनं गेल्या काही महिन्यांत पत्ता कसा तपासला ते प्रतिज्ञेवर लिहून द्यावं. या मागणीचं पत्र मी माझ्या खासदाराला पाठवलं आहे. ज्यांना मजकूर हवा असेल त्यांनी तो माझ्याकडून घ्यावा, मराठीत समजावून सांगायला मी बसेन.